मंडळीतल्या आज्जी-आजोबांचे फोटो काढताना

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "मी ६३ वर्षांची. गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले, मुलानं कॅमेरा घेऊन दिला. आमच्या चर्चच्या मंडळीत म्हातारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत असं मनात आलं. पण उपासनेत दोन-तीनदा फ्लॅश मारला तेव्हा एका आजींनी तोंड फिरवलं. पाळकसाहेब काही बोलले नाहीत, पण नाराज वाटले. घरी जाऊन काढलेले फोटो अंधारे आणि हललेले येतात, माझाच हात आता थोडा कापतो. हे काम मी करावं की सोडून द्यावं?"

ताई, सलाम.

सोडू नका. पण काही दिवस कॅमेरा पिशवीत राहू द्या. का, ते सांगायला मला माझी एक चूक सांगावी लागेल.

मी बेळगावात अडतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. आता वय ७१, स्टुडिओ भाचा बघतो. रविवारी मराठी उपासना आणि गुरुवारी दुपारी मंडळीतल्या कुणातरी वयस्काच्या घरी जाणं, एवढा माझा नेम आहे. ह्या गुरुवारच्या जाण्याचं मूळ चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका उत्तम शुक्रवारात, म्हणजे गुड फ्रायडेत आहे. बारा ते तीनची उपासना, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची. दुसऱ्या बाकावर शहापूरच्या एक आजी बसायच्या, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. पाचव्या की सहाव्या उद्गाराला त्यांचे डोळे भरून आले. मी बाजूच्या खांबाशी उभा होतो. फ्लॅश लावलेला होता. मी फोटो काढला.

फोटो उत्तम आला होता, हे आजही म्हणेन. मी तो मोठा करून ईस्टरला सभागृहातल्या फळ्यावर लावला. लोकांनी वाखाणला. त्यानंतर आजी मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसायला लागल्या. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. बायकोनं तीन-चार रविवारांनी विचारलं, आजी पुढं का बसेनात? मग मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, घरातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, "मी रडत होतो ते देवापुढं होतो रे बाळा. तू मधी कुठनं आलास?"

मी दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा फोटो उतरवला आणि निगेटिव्हसकट त्यांच्या हातात नेऊन दिला. त्यांनी तो बघितला नाही, ट्रंकेत तळाशी ठेवला. आणि त्याच ट्रंकेतून दुसरा एक फोटो काढला. त्यांचे मालक मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यांचा गणवेशातला कृष्णधवल फोटो, गालांवर आणि पट्ट्यावर हातानं रंग भरलेला. म्हणाल्या, "आमचा दोघांचा एकत्र फोटो न्हाई. ह्यांचा हातात धरतो, माझा काढ." पुढच्या गुरुवारी मी तो काढला. गुरुवार ठरला तो तेव्हापासून.

तुमच्या आजींनी तोंड का फिरवलं ते मला माहीत नाही. कदाचित प्रार्थनेत होत्या म्हणून. कदाचित मोतीबिंदू असेल. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, त्यावर फ्लॅश पडला की उजेड आत फुटतो, पसरतो आणि काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. वयस्क माणसाला उभं असताना असं झालं तर तोलही जाऊ शकतो. म्हणून मंडळीत फ्लॅश कायमचा बंद. उपासनेच्या वेळेचं मी असं ठरवून घेतलंय: प्रार्थना, पापकबुली आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) ह्या तीन वेळी कॅमेरा मांडीवरसुद्धा नको, बाकाखाली. आशीर्वचन झालं, माणसं दाराबाहेर पडून एकमेकांचे हात हातात घ्यायला लागली की मग काढा. खरे चेहरे तिथंच मिळतात. पाळकसाहेबांशी आधी बोला. ते नाराज वाटले असं तुम्ही म्हणता, तर त्यांनी बोलायची वाट बघू नका, तुम्हीच जाऊन विचारा की कुठं चालेल आणि कुठं नाही.

पण उपासनेतला फोटो हा ह्या कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग घरी आहे, आणि तो निकडीचाही आहे.

स्टुडिओच्या दिवसांत रात्री-अपरात्री दार वाजायचं. पावसाळ्यात जास्त. दारात भिजलेला मुलगा किंवा जावई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला ओळखपत्राचा फोटो: सकाळी माती आहे, एवढा मोठा करून मिळेल काय? नाहीतर लग्नातला ग्रुप, त्यात तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा, गालाला शेजाऱ्याचा खांदा चिकटलेला. निगेटिव्ह मिळालं तरी त्यातला चेहरा मिरीएवढा. मोठा केला की नुसते दाणे. रात्रभर ब्रशनं रंग भरून मी डोळे उभे करायचो आणि सकाळी लेक फोटोकडं बघून म्हणायची, आई अशी दिसत नव्हती. ती बरोबर बोलायची. ऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा एक धड फोटो नसावा, आणि जो आहे तो सरकारी कॅमेऱ्यासमोर दचकलेला असावा, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या शहापूरच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या घरून कुणी दार वाजवायला आलं नाही. फोटो भिंतीवर होता, मालकांचा फोटो हातात धरलेला.

म्हणून ताई, यादी करा. रविवारी येऊ न शकणाऱ्यांची आधी. ज्यांच्या घरी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात ती नावं तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळतील. पहिल्या भेटीला कॅमेरा न्यायचाच नाही. बसा. गाव कुठलं, माहेर कुठलं, बाप्तिस्मा कुणी दिला, पहिलं भजन कुठलं पाठ झालं, असं विचारा. आमच्याकडं एक आजी होत्या, सुनेशी कन्नडात बोलायच्या, नातवाशी दोन्हीची मिसळ करून, आणि प्रार्थना मात्र मराठीत. रेव्हरंड टिळकांचं भजन लावलं की डोळे मिटून सगळी कडवी म्हणायच्या. हे मला बसल्यावर कळलं. पुढं फोटो काढताना मी बायकोला हळू आवाजात भजन म्हणायला सांगितलं. चेहरा कसा करा हे सांगायची वेळच आली नाही.

आता अंधारे आणि हललेले फोटो.

आपल्याकडची जुनी घरं कौलारू आणि खोल. सोप्यात उजेड, पुढं माजघरात संध्याकाळ. छपरात एखादं काचेचं कौल असतं, आणि नवख्याला वाटतं त्याच्या उजेडात बसवावं. बसवू नका. वरून पडणाऱ्या उजेडानं कपाळ आणि नाक पांढरं होतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. म्हाताऱ्या माणसाचे डोळे आधीच खोल गेलेले, ते हरवून जातात. दार गाठा. उंबरठ्याच्या आत दोन-तीन हातांवर खुर्ची ठेवा, ऊन थेट अंगावर येणार नाही अशी, आणि दाराकडं तोंड थोडं तिरकं. तुम्ही दाराच्या कडेला, आपली सावली त्यांच्यावर पडू न देता. उजेडाचं गणित असं आहे की एका झरोक्यापासून अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई उरतो. दार मोठं असल्यानं तिथं इतका फरक पडत नाही, पण खुर्ची हातभर पुढं ओढल्यानं जे होतं ते कॅमेऱ्याची किंमत दुप्पट करून होत नाही.

खालून थोडा उजेड हवा असतो, हनुवटीखालची सावली उचलायला. स्टुडिओत आम्ही पांढरा पुठ्ठा धरायचो. घरी मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ठेवा. पानं पांढरी, दाराचा उजेड त्यांवर पडतो आणि वर चेहऱ्यावर परततो. हातांनाही जागा मिळते. वाचता येत नसलं तरी चालतं, कित्येकांचे हात त्या पानांवर आपोआप शांत होतात. शास्त्र नको असेल तर पांढरा टॉवेल.

पांढरं लुगडं, पांढरं धोतर ह्यावर कॅमेरा फसतो. त्याला वाटतं फार उजेड आहे, तो फोटो काळवंडून टाकतो. उजेड कमी-जास्त करायची अधिक-उण्याची खूण असते, तिथं अधिक एक करा. गडद लाकडी बाकांसमोर उलटं होतं, तिथं थोडं उणं.

हललेपण दोन तऱ्हांचं असतं, तुमच्या हाताचं आणि त्यांच्या हाताचं. शटर १/२५० सेकंदावर ठेवलं तर दोन्ही बऱ्यापैकी थांबतात. उजेड पुरत नसेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत बिनधास्त न्या. दाणे दिसतील, पण दाणेदार फोटोत माणूस दिसतो, हललेल्या फोटोत दिसत नाही. मंडळीतल्या ट्यूबलाइटखाली मात्र वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. तुम्ही आवाज नको म्हणून मूक शटर लावता आणि १/२५० ला काढता, मग फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. तिथं १/१०० किंवा १/५० वर या, आणि खिडकीजवळचा बाक मिळाला तर उत्तमच.

तुमच्या हाताचं सांगतो, कारण माझाही कापतो. कोपर बरगड्यांना टेकवा. बाकाची पाठ, दाराची चौकट, भिंत, जे असेल त्याला खांदा लावा. श्वास अर्धा सोडा आणि मग बोट दाबा, लागोपाठ तीन काढा. बहुतेक वेळा मधला स्थिर येतो, कारण पहिल्यात बोट दाबल्याचा हिसका असतो आणि तिसऱ्यात सोडल्याचा. मी पूर्वी किलोभर वजनाची झूम लेन्स गळ्यात घालून लग्नं केली. आता एक ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी लेन्स वापरतो, वजन १६० ग्रॅम. पाच-सहा फुटांवर स्टूल टाकून बसलं की छातीपर्यंतचा फोटो येतो आणि नाक मोठं होत नाही. मोबाइलनं काढणार असाल तर जवळ जाऊन काढू नका, दोनपट झूम करून लांबून काढा, त्याच कारणानं. आणि त्यातलं चेहरा गुळगुळीत करणारं काहीही चालू असेल ते बंद करा. सुरकुत्या पुसून मिळालेला चेहरा घरच्यांना परका वाटतो. पडल्यामुळं कपाळावर टेंगूळ आलंय, सलाइनची चिकटपट्टी आहे, असलं काढून टाकायला माझी हरकत नाही. ते त्या माणसाचं नाही, त्या आठवड्याचं आहे.

आणखी एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. कॅमेऱ्याला आपण डोळा लावतो त्या खिडकीजवळ एक बारीक चकती असते, तुमच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणं ती फिरवून घ्यायची असते. माझ्याकडं शिकायला आलेल्या दोघातिघांनी कॅमेरा खराब आहे म्हणून विकायला काढला होता, चकती फिरवल्यावर सगळं लख्ख झालं. वयाप्रमाणं बुबुळाचं भोक लहान होतं आणि भिंग पिवळसर होतं. साठीला डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या एक तृतीयांश उजेड पोचतो म्हणतात. माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली त्याआधी दीड-दोन वर्षं मी प्रिंटमध्ये निळा वाढवत होतो. मला ते पांढरं दिसायचं. ऑपरेशननंतर पट्टी निघाली, भिंतीवरचे फोटो बघितले तर सगळी माणसं थंडीनं गारठल्यासारखी. मी त्यातले सतरा फोटो पुन्हा छापून घरोघर दिले. तुम्हाला मोतीबिंदू असेल तर रंग ठरवताना नातवंडाला शेजारी बसवा.

बायबलातल्या उपदेशक पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात म्हातारपणाचं वर्णन आहे, दळणाऱ्या थोड्या उरतात म्हणजे दात, खिडक्यांतून बघणाऱ्या अंधुक होतात म्हणजे डोळे, बदामाचं झाड फुलतं म्हणजे केस पांढरे होतात. चाळिशीत मी ते सुंदर भाषा म्हणून ऐकायचो. आता ऐकतो तेव्हा त्यात मी आहे, माझी यादी आहे. तुम्ही ६३ च्या आहात हे ह्या कामाला उपयोगी आहे ताई. तरुण फोटोग्राफर उभा राहून खाली बघत फोटो काढतो. आपले गुडघे दुखतात म्हणून आपण आधी बसतो, आणि कॅमेरा आपोआप त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचा वरून काढलेला फोटो बघा आणि बसून काढलेला बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

कमी ऐकू येणाऱ्यांचं मला फार उशिरा कळलं. ते आपल्या ओठांवरून समजून घेत असतात. आपण कॅमेरा तोंडासमोर धरला की त्यांच्यापुरता आपला आवाज बंद होतो, आणि ते घाबरल्यासारखे बघतात. मग आपण ओरडतो, ते आणखी गोंधळतात. त्यापेक्षा कॅमेरा तिकाटण्यावर लावा, बाजूला बसा, तोंड दिसू द्या, आणि बोलता बोलता बटण दाबा. कवळी घालायला, केस विंचरायला, पदर नीट करायला वेळ द्या. बायकांना विचारा, पुरुषांनाही विचारा. एका आजोबांनी मला वीस मिनिटं थांबवलं, कारण त्यांना फेटा बांधायचा होता आणि बोटं ऐकत नव्हती. मी मदत करू का म्हटलं तर नको म्हणाले. मी थांबलो. तो फेटा एका बाजूला कललेला आहे फोटोत, आणि तसाच हवा.

विसरभोळेपणाचा आजार असलेल्यांकडं गेलात तर "मला ओळखलं काय?" असं कधीच विचारू नका. त्यांना ती परीक्षा वाटते आणि नापास झाल्याची लाज वाटते. आपणच सांगायचं, मी अमकी, मंडळीतली, तुमच्याकडं चहाला आले. घरच्यांची परवानगी घ्याच, पण त्यांनाही दर वेळी विचारा, काल हो म्हणाले होते हे आज धरू नका. जुने फोटो बरोबर न्या. कालचं जेवण आठवत नसलं तरी पन्नास वर्षांपूर्वीची कापणीच्या सणाची मिरवणूक, कुणी पहिलं कणीस आणलं, कुणाच्या भाताचं पोतं वेदीपुढं ठेवलं होतं, हे कधी कधी अचानक वर येतं. एका आजोबांनी पत्नीला ओळखणं थांबवलं होतं, पण १९७० च्या आसपासच्या एका फोटोत तिच्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "ही चांगली गाती." पत्नी शेजारीच बसल्या होत्या. मी त्या दिवशी फोटो काढला नाही, आणि त्याची मला खंत नाही.

जुन्या फोटोंचा विषय निघालाच आहे तर बोलतो, तुमच्या निपाणीतही असेच असणार. आमच्या वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीच्या भिंतीवर जुने ग्रुप फोटो आहेत. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० ला सुरू झालं, पुढं १९०४ मध्ये ते मेथॉडिस्टांकडं आलं. एवढा जुना संसार. फोटोंखाली साहेब आणि मॅडमांची नावं छापलेली आहेत. मागं उभे असलेले मास्तर, घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया, बोर्डिंगातली पोरं, ह्यांची नावं कुठंच नाहीत. ते आमचे पणजोबा-पणज्या आहेत. काहींची नावं मला एकट्या ९२ वर्षांच्या एका आजींनी सांगितली, बोट ठेवून, एका दुपारी. नंतरच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्या दुपारी मी गेलो नसतो तर ती अकरा नावं गेली असती.

म्हणून प्रत्येक प्रिंटच्या मागं नाव, गाव, तारीख लिहा, आणि मराठीत आणि कन्नडात, दोन्ही लिपींत लिहा. आपली नातवंडं कन्नड शाळेत, इंग्रजी शाळेत जातात. पुढं कुणाला कुठलं वाचता येईल हे आज सांगता येत नाही. मला कन्नड लिहायला जमत नाही, शेजारची मुलगी लिहून देते. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिलीनं, न दाबता. आताच्या लॅबच्या प्रिंटला मागून प्लास्टिकचा थर असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही. बारीक टोकाचं पक्क्या शाईचं पेन घ्या आणि शाई पुरती वाळेपर्यंत वर दुसरा फोटो ठेवू नका, डाग उतरतो. बॉलपेन नको, अक्षरं पुढच्या बाजूनं फुगून दिसतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडले असतील तर त्यातला निळसर रंग उडालेला असतो. ते उजेडात आणि अंधारातही उडतच राहतात, तेव्हा आजच त्यांची नक्कल करून ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात. पानासकटच नक्कल काढा.

प्रिंट द्यायचीच, हे मी धरून चाललोय. मोबाइलवर पाठवला म्हणजे दिला असं होत नाही. मोबाइल मुलाचा असतो, मुलगा पुण्याला असतो. पाच बाय सात इंचाची, मॅट कागदावरची. चकचकीत कागदावर दिव्याची झाक पडते आणि कमी दिसणाऱ्या डोळ्यांना चेहऱ्याऐवजी झाकच दिसते. आणि स्वतः नेऊन द्या. त्या दुसऱ्या भेटीसाठीच पहिली भेट असते. प्रिंट हातात घेऊन माणूस ती लांब धरतो, जवळ धरतो, मग म्हणतो "एवढा म्हातारा झालो होय मी?" आणि मग जे बोलतो ते आपण ऐकायचं. माझ्या मते ह्या सगळ्या उद्योगात तो अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे. सून, नातवंडं गोळा होतात. घरात महिनोन्महिने कुणी ज्यांच्याकडं नीट बघितलेलं नसतं, त्यांच्याकडं त्या अर्ध्या तासात सगळे बघतात.

एका बाबतीत मी तुम्हाला आग्रहानं सांगतो. नाताळच्या आधी मंडळीतर्फे ब्लँकेट वाटतात, धान्य देतात. अहवालाला फोटो हवेत म्हणून तुम्हाला बोलावतील. देणारा कॅमेऱ्याकडं बघतोय, घेणारी बाई मान खाली घालून ब्लँकेटचं दुसरं टोक धरून उभी आहे, असा फोटो काढू नका. मीही काढलेत, नाही म्हणत नाही. मग एका वर्षी रांगेतल्या एका बाईनं पदर चेहऱ्यावर ओढून घेतला आणि माझ्या हातून पुढचा फोटो निघेना. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं प्रभू म्हणाला, आपण त्याचा फोटो काढून फळ्यावर लावतो. तेव्हापासून मी ब्लँकेटच्या घड्या काढतो, मोठ्या पातेल्यात भात ढवळणाऱ्या महिला मंडळाच्या बायका काढतो, ओझं उचलणारी पोरं काढतो. घेणाऱ्यांचे चेहरे नाहीत. समितीत एकदा ह्यावर वाद झाला. मी म्हटलं, चेहरा हवाच असेल तर त्यांच्या घरी जाऊन, त्यांना विचारून, सणाच्या कपड्यांत काढतो, आणि पहिली प्रिंट त्यांना. त्या वर्षी चार घरी गेलो. त्यांतले दोघे आता माझ्या गुरुवारच्या यादीत आहेत.

पावसाळ्याचं पटकन सांगतो. आपल्याकडं जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथं लेन्सला बुरशी धरणारच. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आंचेवर शेकून परत वापरा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. आणि आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आता तुमच्या त्या आजी. रविवारची वाट बघू नका, मधल्या वारी दुपारी तीनच्या पुढं जा, वामकुक्षी झालेली असते. काढलेले फोटो छापून न्या आणि त्यांच्या हातात द्या, ठेवायचे की फाडायचे ते त्या ठरवतील. चुकलं माझं, म्हणा. त्यांनी चहा दिला तर प्या, नाही दिला तरी थोडं बसा. नव्या फोटोचा विषय तुम्ही काढू नका. त्यांना काढायचा असेल तर त्या महिन्यानं, दोन महिन्यांनी सांगतील. माझ्या आजींनी त्याच दिवशी सांगितलं, पण असं दर वेळी होत नाही. एका आजोबांनी मला चार वर्षं नाही म्हटलं आणि मी चार वर्षं गेलो. शेवटपर्यंत फोटो दिला नाही त्यांनी. पेरूच्या झाडाचा काढायला लावला, त्यांनी लावलेलं होतं. तो फोटो त्यांच्या लेकीनं सोप्यात लावलाय.

बेळगावला याल तेव्हा कॅमेरा घेऊन या, ती चकती आपण बघू. गुरुवार सोडून या. ह्या गुरुवारी हिंडलग्याला एका काकूंकडं जायचंय. खरं तर गेल्याच आठवड्यात जाणार होतो, पण त्यांचा निरोप आला: नवी कवळी बुधवारी मिळणार आहे, त्याआधी येऊ नका.